तीन अंशांचा फरक: किनेसिऑलॉजीत मास्टर्स करायचं म्हणजे काय

ओपीडीत गुडघ्याचा रुग्ण येतो. पहिल्या दिवशी गोनिओमीटरवर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) फ्लेक्शन, म्हणजे गुडघ्याचं वाकणं, ११८ अंश, दोन आठवड्यांनी १२१. केस पेपरवर ‘सुधारणा’ असं लिहिलं जातं. हाच आकडा किनेसिऑलॉजीच्या, म्हणजे हालचालीच्या शास्त्राच्या, विभागात नेलात तर पहिला प्रश्न येतो: तुमच्या मोजमापातली चूक किती?

समजा, अशा रुग्णांच्या गटाचं स्टँडर्ड डेव्हिएशन (आकड्यांचा पसारा) ५ अंश आहे आणि तुम्ही पुन्हा पुन्हा मोजून काढलेला आयसीसी (मोजमाप पुन्हा तसंच येतं का हे सांगणारा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९० आहे, म्हणजे चांगलाच. १ मधून ०.९० वजा केले की ०.१०. त्याचं वर्गमूळ ०.३१६. त्याला ५ ने गुणलं की १.६ अंश, ही मोजमापाची स्टँडर्ड एरर. तिला १.९६ ने आणि वर २ च्या वर्गमुळाने गुणलं की येतात ४.४ अंश. त्याच माणसात दोन वेळा मोजून ४.४ अंशांपेक्षा कमी फरक दिसला, तर तो गुडघ्यात झाला की तुमच्या हातात, हे ठामपणे सांगता येत नाही. ११८ चे १२१ झाले, पण हे ३ अंश अजून कुणाचेच नाहीत.

किनेसिऑलॉजीतलं मास्टर्स दोन वर्षं याच प्रश्नाभोवती फिरतं. महाराष्ट्रातून बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) करून अमेरिका-कॅनडाकडे पाहणाऱ्यांना हे आधी कुणी सांगत नाही. त्यांना वाटतं, हा फिजिओथेरपीचाच पुढचा टप्पा. तो तसा नाही, आणि हा गैरसमज महाग पडतो. म्हणून आधी तेवढं निस्तरू.

अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट म्हणून काम करायला राज्याचं लायसन्स लागतं. तिथल्या विद्यार्थ्याला त्यासाठी साधारण तीन वर्षांची डीपीटी (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) करावी लागते. भारतातून शिकून आलेल्या फिजिओला आपल्या पदवीचं विषयवार मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि एनपीटीई ही परीक्षा द्यावी लागते. किनेसिऑलॉजीचं एमएस या रस्त्यावर येतच नाही. ते केल्याने लायसन्स मिळत नाही, आणि लायसन्ससाठी ते लागतही नाही. ॲथलेटिक ट्रेनर व्हायचं असेल तर त्याचा मान्यताप्राप्त मास्टर्स कोर्स वेगळा असतो. नाव जवळचं वाटतं म्हणून इकडे प्रवेश घेऊन तिकडची परीक्षा देता येत नाही. कॅनडात ओंटारिओ प्रांताने किनेसिऑलॉजिस्ट हा व्यवसाय १ एप्रिल २०१३ पासून कायद्याच्या चौकटीत आणला. तिथे ‘रजिस्टर्ड किनेसिऑलॉजिस्ट’ ही उपाधी लावायला कॉलेज ऑफ किनेसिऑलॉजिस्ट्स ऑफ ओंटारिओची परीक्षा आणि नोंदणी लागते. टोरांटो विद्यापीठात तर संशोधनाचं एमएससी आणि व्यावसायिक कामासाठीचं मास्टर ऑफ प्रोफेशनल किनेसिऑलॉजी असे दोन वेगळे कोर्स आहेत. अर्ज करताना कुठला निवडतोय हे नीट वाचा.

अमेरिकेसाठी आणखी एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक कोर्सला सहा आकडी सीआयपी कोड (अभ्यासक्रमांच्या वर्गीकरणाचा क्रमांक) असतो आणि तो तुमच्या आय-२० वर (विद्यापीठ व्हिसासाठी देतं तो कागद) छापलेला असतो. ३१.०५०५ या कोडखालचं किनेसिऑलॉजी स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) धरत नाहीत, २६.०९०८ या कोडखालचं एक्सरसाइज फिजिऑलॉजी आणि किनेसिऑलॉजी जीवशास्त्राच्या गटात येतं आणि ते स्टेममध्ये धरतात. पदवीनंतर कामासाठी मिळणारे १२ महिने दोघांनाही सारखेच, पण त्यापुढचे २४ महिने फक्त स्टेमवाल्यांना. दोन विद्यापीठांतल्या कोर्सचं नाव, विषय, प्रयोगशाळा सगळं सारखं असून कोड वेगळा असू शकतो. हे विभागाच्या ऑफिसला एका ओळीच्या ईमेलने विचारता येतं. पैसे भरण्याआधी विचारा.

आता विषयाकडे. ‘किनेसिऑलॉजी’ हा शब्द ग्रीक ‘किनेसिस’ म्हणजे हालचाल यावरून आला. विभाग म्हणून त्याचा जन्म शारीरिक शिक्षणातून झाला. बर्कलीच्या फ्रँकलिन हेन्री यांनी १९६४ मध्ये लेख लिहून मांडलं की शारीरिक शिक्षणाला शिक्षक घडवण्यापलीकडे स्वतःचं शास्त्र आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात १९६७ मध्ये या नावाचा विभाग सुरू झाला. हा इतिहास माहीत असला की एक कोडं सुटतं: एकाच विभागात एक प्राध्यापक स्नायूतलं लॅक्टेट मोजतो, दुसरी फोर्स प्लेटवर (पायाचा जोर मोजणारी जमिनीतली पाटी) उड्या मोजते, तिसरा म्हाताऱ्या माणसांचा तोल अभ्यासतो आणि चौथी शाळेतल्या मुलांच्या खेळाच्या तासावर काम करते. बायोमेकॅनिक्स, एक्सरसाइज फिजिऑलॉजी, मोटर कंट्रोल, क्रीडा मानसशास्त्र हे शेजारी असले तरी त्यांची हत्यारं वेगळी. ‘किनेसिऑलॉजीत इंटरेस्ट आहे’ असं लिहिलेला अर्ज म्हणूनच कुणाच्याच टेबलावर थांबत नाही.

थिसिस करायचा असेल तर विद्यापीठ निवडू नका, गाईड निवडा. तिकडे त्यांना ॲडव्हायझर म्हणतात. बऱ्याच विभागांत कुणी प्राध्यापक ‘हा विद्यार्थी मला हवा’ असं म्हणाल्याशिवाय थिसिसवाल्याचा प्रवेश पुढे सरकत नाही. ऑगस्टच्या प्रवेशासाठी अर्जाच्या तारखा सहसा डिसेंबर-जानेवारीत संपतात, तेव्हा ईमेल सप्टेंबरात गेले पाहिजेत. ईमेल दीडशे-दोनशे शब्दांचा. सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’ अशी न करता ‘डॉ.’ आणि आडनाव. मग त्यांचा अलीकडचा एक पेपर खरोखर वाचून त्याच्या पद्धतीबद्दल एक प्रश्न: मार्कर (कॅमेऱ्याला हालचाल टिपता यावी म्हणून अंगावर लावायच्या खुणा) कुठे लावले, फिल्टर कितीवर ठेवला, माणसं किती घेतली. मग तुम्हाला काय येतं: किती रुग्णांची चाल तपासली, इंटर्नशिपमधल्या प्रोजेक्टमध्ये काय मोजलं, एक्सेलपलीकडे काही येतं का. आणि शेवटी, येत्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का. एवढंच. दहा जणांना तोच मजकूर पाठवला तर ते वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं.

गुणांबद्दल एक सूचना. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात पास व्हायला ५० टक्के लागतात आणि ६२-६५ टक्के हे चांगले गुण असतात, हे तिकडच्या समितीला माहीत असतंच असं नाही. शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना ही बाब आणि वर्गातला तुमचा क्रमांक पत्रात लिहायला सांगा. ते तुम्ही स्वतः लिहिण्यापेक्षा त्यांच्या पत्रात जास्त शोभतं.

अमेरिकेत कोर्स बहुधा ३० ते ३६ क्रेडिटचा. थिसिस घेतला तर त्यातले सहा थिसिसचे, न घेतला तर त्याऐवजी प्रोजेक्ट, इंटर्नशिप किंवा लेखी परीक्षा. कॅनडातल्या एमएससीत तासिका कमी आणि थिसिसचं वजन जास्त. पुढे पीएचडी किंवा संशोधनातली नोकरी हवी असेल तर थिसिसच घ्या. हृदयरुग्णांच्या पुनर्वसन केंद्रात व्यायाम चाचण्या करायच्या असतील तर थिसिस नसलेला क्लिनिकल मार्ग बरा, कारण तिथे तुमचे प्रत्यक्ष कामाचे तास मोजले जातात.

पहिल्या सत्रात आपल्याकडच्या फिजिओंना ॲनाटॉमी जड जात नाही; तिथे ते बहुतेकांच्या पुढेच असतात. अडतं ते गणितात. बारावीनंतर साइन-कोसाइनशी संबंध तुटलेला असतो. पण हे गणित ओपीडीतच दडलेलं आहे. वेट कफचं, म्हणजे पायाला बांधायच्या वजनाचं, उदाहरण घ्या. रुग्ण टेबलाच्या कडेला बसलाय, घोट्याला ५ किलोचा कफ बांधलाय, गुडघ्यापासून कफचं अंतर ४० सेंटिमीटर. पाय खाली लोंबकळत असताना त्या कफचा गुडघ्यावरचा टॉर्क (सांध्याला फिरवणारा जोर) शून्य. अर्ध्या वाटेवर, ४५ अंशांत, ५ गुणिले ९.८१ गुणिले ०.४ गुणिले ०.७०७ म्हणजे १३.९ न्यूटन-मीटर. पाय सरळ आडवा झाला की १९.६. पटेलर टेंडनचा (गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा) मोमेंट आर्म, म्हणजे सांध्याच्या अक्षापासूनचं अंतर, साधारण ४ सेंटिमीटर धरला तर या १९.६ साठी टेंडनला ४९० न्यूटन ओढ द्यावी लागते, म्हणजे जवळजवळ ५० किलो वजन टांगल्याइतकी. पायाचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. शेवटच्या काही अंशांत रुग्णाचा पाय का थरथरतो, हे एवढ्या गणितातून कळतं. स्नायूची लांबी त्या टोकाला आखूड झालेली असते हे दुसरं कारण, आणि दोन्ही कारणं वेगवेगळी मोजता येतात.

संगणकाचंही तसंच. १००० हर्ट्झने नोंदलेली दहा सेकंदांची एक चाचणी म्हणजे एका चॅनलच्या दहा हजार ओळी. आठ चॅनल, पाच चाचण्या, तीस माणसं. एक्सेलमध्ये हाताने ओढत बसलात तर महिने जातात, आणि कुठेतरी एक ओळ सरकते ती कधीच सापडत नाही. पायथॉन किंवा मॅटलॅब यांपैकी एक जाण्याआधीच शिका. फाइल उघडणं, फिल्टर लावणं, एका भागातलं कमाल मूल्य काढणं, आलेख छापणं, एवढी चार कामं जमली तरी पहिलं वर्ष सोपं जातं.

प्रयोगशाळेतली यंत्रं महाग असतात आणि स्क्रीनवर दशांश चिन्हानंतर दोन आकडे दाखवतात. त्या दोन आकड्यांवर विश्वास कधी ठेवायचा, हे शिकणं हा या पदवीचा गाभा आहे.

व्हीओटू मॅक्सची चाचणी घ्या, म्हणजे पूर्ण जोरात असताना शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं त्याची. ट्रेडमिलवर माणूस, तोंडावर मास्क, मास्कपासून यंत्राकडे जाणारी बारीक नळी. यंत्र किमान अर्धा तास आधी चालू करून ठेवावं लागतं. मग ३ लिटरची सिरिंज हळू, मध्यम, जोरात अशी वेगवेगळ्या वेगाने मारून हवेचं आकारमान बरोबर येतंय का पाहायचं. मग सिलिंडरमधला ठरावीक वायू, बहुधा १६ टक्के ऑक्सिजन आणि ४ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि त्यानंतर खोलीतली हवा, जिच्यात ऑक्सिजन २०.९३ टक्के. हे कंटाळवाणं वाटतं, पण गणित पाहा. जोरात पळणाऱ्या माणसाच्या उच्छ्वासात ऑक्सिजन सुमारे १७.३ टक्के असतो. म्हणजे सगळं मोजमाप साडेतीन टक्क्यांच्या फटीत. सेन्सर फक्त ०.१ ने चुकला तर व्हीओटू साडेतीन टक्क्यांच्या आसपास चुकतो. मिनिटाला किलोमागे ५० मिलीलिटर असलेल्या माणसात ती चूक पावणेदोन मिलीलिटर झाली. सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणातून तीन-चार मिलीलिटरची वाढ शोधायला निघालेल्याला ही चूक परवडत नाही.

मास्कची गळती याहून फसवी. नाकाच्या हाडापाशी मास्क नीट बसला नाही की थोडा उच्छ्वास तिथून निसटतो. यंत्राकडे हवा कमी पोचते, त्यामुळे ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही त्याच प्रमाणात कमी भरतात. आरईआर हे त्या दोघांचं गुणोत्तर, ते मात्र ठीकठाक दिसतं. चाचणी संपताना आरईआर १.१५, नाडी वयाच्या हिशोबाच्या जवळ, माणूस पूर्ण दमलेला, सगळे निकष पूर्ण. फक्त व्हीओटू १० टक्के कमी. म्हणून सुरू करण्याआधी मास्कचं तोंड तळहाताने बंद करून माणसाला जोरात फुंकायला लावायचं आणि कडेने हवा येते का ते बोट फिरवून बघायचं. दाढी असेल तर मास्कऐवजी माउथपीस आणि नाकाला चिमटा. उलट, शांत बसलेल्या माणसाचा आरईआर ०.७ च्या खाली दिसला तर दोष मास्कचा नसून वायूच्या कॅलिब्रेशनचा आहे असं धरा.

तिसरी चूक हवेच्या दाबाची. काही यंत्रांत तो हाताने भरावा लागतो, आणि मोबाइलवरच्या हवामानातला आकडा भरला जातो. तो समुद्रसपाटीला नेऊन सांगितलेला असतो. कोलोरॅडोतल्या बोल्डरसारख्या १६०० मीटरहून उंच गावात खरा दाब ६२५ मिलिमीटरच्या आसपास असतो. तिथे ७६० भरले तर व्हीओटू वीस टक्क्यांहून जास्त फुगतो. पुणंही समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, तेव्हा परत येऊन इथे काम करणाऱ्यांनीही हे विसरू नये. भिंतीवर बॅरोमीटर असेल तर तोच वाचा.

या सगळ्यावर एक स्वस्त उपाय आहे. लॅबमधल्या एकाच माणसाने दर आठवड्याला सायकलवर १०० वॉटने सहा मिनिटं चालवायचं. ७० किलोच्या माणसाला एसीएसएमच्या (अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन) सूत्राप्रमाणे मिनिटाला किलोमागे २२.४ मिलीलिटर, म्हणजे सुमारे १.५७ लिटर लागतात. सूत्राशी तंतोतंत जुळणं महत्त्वाचं नाही. त्या माणसाचा आकडा आठवड्यागणिक तिथेच राहतो का, ते पाहायचं. ज्या दिवशी तो सरकला, त्या दिवशी कुणाचीच चाचणी घ्यायची नाही.

ईएमजीत, म्हणजे स्नायूतल्या विजेच्या नोंदीत, बहुतेक चुका यंत्राला हात लावण्याआधीच झालेल्या असतात. केस काढणं, त्वचा हलकीशी घासणं, अल्कोहोलने पुसून ती पूर्ण वाळू देणं. दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर २० मिलिमीटर. जागा डोळ्याने ठरवायची नाही, टेपने मोजायची: रेक्टस फेमोरिससाठी (मांडीचा पुढचा स्नायू) एएसआयएसपासून (कमरेच्या हाडाचं पुढचं टोक) पटेलाच्या (गुडघ्याची वाटी) वरच्या कडेपर्यंतच्या रेषेवर बरोबर मध्यावर, व्हास्टस लॅटरॅलिससाठी (मांडीचा बाहेरचा स्नायू) एएसआयएसपासून पटेलाच्या बाहेरच्या बाजूपर्यंतच्या रेषेवर दोन तृतीयांश अंतरावर. सिग्नलमध्ये विजेचा गुणगुणाट आला (अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०) की नवखा विद्यार्थी तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर लावतो. तसं करू नका. स्नायूच्या सिग्नलचा मोठा वाटा तिथेच असतो, तो पण कापला जातो. अर्थिंगचा इलेक्ट्रोड सुटलाय का, वायर चार्जरच्या शेजारून गेलीय का, ते बघा. मग २० ते ४५० हर्ट्झचा बँडपास, म्हणजे फक्त तेवढाच पट्टा ठेवणारा फिल्टर.

आणि मिलिव्होल्टमधले आकडे दोन माणसांत किंवा दोन दिवसांत थेट ताडून बघू नका. कातडीखाली चरबी जास्त असेल तर त्याच स्नायूचा सिग्नल लहान दिसतो. आधी पूर्ण ताकदीचं आकुंचन घ्यायचं, तीन ते पाच सेकंद, तीन वेळा, मध्ये मिनिट-दोन मिनिटं विश्रांती, आणि बाकीचं त्याच्या टक्क्यांत मांडायचं. इथेही मेख आहे. माणसाने पूर्ण जोर लावलाच नाही तर साध्या चालण्यात त्याचा स्नायू १२० टक्के काम करताना दिसतो. ओरडून जोर लावून घ्यावा लागतो. एरवी हळू आवाजात बोलणाऱ्या मुलामुलींना हे जमायला वेळ लागतो.

चालीच्या विश्लेषणात मात्र फिजिओचा हात खरा उपयोगी पडतो. कॅमेऱ्यांना मार्कर मिलिमीटरच्या आत सापडतो. पण तो मार्कर हाडाच्या नेमक्या टोकावर आहे की नाही हे कॅमेऱ्याला कळत नाही, ते बोटांना कळतं. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंच्या एपिकॉन्डाइलवर (मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचे उंचवटे) मार्कर लावून गुडघ्याचा अक्ष ठरवतात. दोन मार्करमधलं अंतर साधारण १० सेंटिमीटर. त्यातला बाहेरचा १ सेंटिमीटर पुढे लागला, तर अक्ष सुमारे ६ अंशांनी फिरतो. आता माणूस चालताना पाय हवेत असताना गुडघा ६० अंशांत वाकतो, आणि या फिरलेल्या अक्षामुळे संगणक ५ अंशांचं व्हॅरस किंवा व्हॅल्गस (गुडघ्याचं बाहेर किंवा आत झुकणं) दाखवतो, जे गुडघ्यात मुळात नाहीच. एसीएलच्या (गुडघ्यातला एक अस्थिबंध) रुग्णांवरच्या अभ्यासात लोक गुडघ्याचा याहून लहान फरक शोधत असतात! ओळखायची खूण सोपी आहे: फ्लेक्शनचा आलेख आणि व्हॅरस-व्हॅल्गसचा आलेख एकाखाली एक ठेवा. दुसरा पहिल्याची छोटी प्रत दिसत असेल, दोघांची शिखरं एकाच क्षणी येत असतील, तर मार्कर पुन्हा लावा. माणूस घरी जाण्याआधी हे बघायला हवं. पहिली चाचणी झाली की लगेच आलेख काढायचा. सहा महिन्यांनी थिसिस लिहिताना काढून उपयोग नाही.

जाड पोटाच्या माणसात एएसआयएसचे मार्कर चरबीत बुडतात किंवा हाताआड जातात. मांडीवरचे मार्कर टाच टेकताना स्नायूबरोबर थरथरतात. फोर्स प्लेटवर पाय नेमका पडावा म्हणून माणूस शेवटची दोन पावलं लांब-आखूड करतो आणि त्याची चालच बदलते. त्याला प्लेटबद्दल काही न सांगता समोरच्या भिंतीवरच्या खुणेकडे बघत चालायला लावायचं, आणि पाय चुकत असेल तर सुरुवातीची जागा अर्धं पाऊल मागे-पुढे करायची. प्रत्येक पायाची पाच स्वच्छ पावलं मिळाली की पुरे. त्यासाठी कधी पंचवीस फेऱ्या लागतात.

फिल्टरबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती पेपर नाकारले जाण्यापर्यंत जाते. चालण्यासाठी मार्करचा डेटा बहुधा ६ हर्ट्झच्या लो-पास बटरवर्थमधून (त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) काढतात. उडी मारून उतरण्याच्या अभ्यासात मार्कर १० ला आणि फोर्स ५० किंवा त्याहून वर ठेवला, तर उतरताक्षणी गुडघ्याच्या मोमेंटमध्ये (म्हणजे टॉर्कमध्ये) एक टोकदार शिखर उगवतं. फोर्समधला धक्का गणितात शिल्लक राहिला आणि त्याच क्षणीचं पायाचं प्रवेग मात्र फिल्टरने गुळगुळीत करून टाकलं, म्हणून. दोन्हींना एकच कट-ऑफ ठेवा आणि तो का ठेवला हे थिसिसमध्ये लिहा.

माणसं किती घ्यायची? एकाच गटाची आधी-नंतर तुलना, मध्यम परिणाम म्हणजे डी ०.५, अल्फा (नसलेला फरक चुकून दिसण्याची शक्यता) ०.०५, पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) ०.८० असेल तर ३४. तोच प्रश्न दोन वेगळ्या गटांत विचारला तर प्रत्येकी ६४, एकूण १२८. परिणाम मोठा, डी ०.८ असेल तर १५ आणि प्रत्येकी २६. दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये एकट्याने १२८ जणांना मार्कर लावणं होत नाही. म्हणून प्रश्न असा घडवायचा की प्रत्येक माणूस स्वतःशीच ताडला जाईल, आणि दोन अटींचा क्रम माणसागणिक आलटून पालटून. मोजमाप गचाळ असेल तर आकड्यांचा पसारा वाढतो, डी घसरतो आणि माणसं आणखी लागतात. कॅलिब्रेशनला दिलेला अर्धा तास इथे वसूल होतो.

माणसांवर प्रयोग करायचा तर नैतिक समितीची मंजुरी हवी. अमेरिकेत तिला आयआरबी म्हणतात, कॅनडात आरईबी. आधी ऑनलाइन प्रशिक्षण, मग प्रोटोकॉल, संमतिपत्र, जाहिरातीचा मजकूरसुद्धा. संमतिपत्र आठवीच्या मुलाला कळेल अशा भाषेत लागतं. आपल्याकडचं भारदस्त इंग्रजी तिथे परत येतं. मंजुरीनंतर एक इलेक्ट्रोड जरी वाढवायचा झाला तरी आधी दुरुस्ती मंजूर करून घ्यायची. हे वगळून घेतलेला डेटा वापरता येत नाही, कितीही सुंदर असला तरी.

वेळेचं गणित या सगळ्यातून निघतं. ऑगस्टमध्ये आलात तर पुढच्या वसंतात प्रपोजल मांडलेलं असावं आणि उन्हाळ्याआधी समितीकडे कागद गेलेले असावेत. उन्हाळ्यात पाच-सहा जणांवर पायलट, त्यातच स्वतःचा आयसीसी काढून घ्यायचा. सप्टेंबर ते नोव्हेंबरअखेरची थँक्सगिव्हिंगची सुट्टी हा डेटा गोळा करायचा खरा काळ. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत आधी परीक्षा आणि मग सुट्टी; कॅम्पस रिकामा होतो आणि सहभागी मिळत नाहीत, कारण ते बहुतेक तिथलेच पदवीचे विद्यार्थी असतात. ‘डिसेंबरात उरकून टाकू’ असं ठरवलेले थिसिस एक सत्र लांबतात, आणि त्या सत्राची फी डॉलरमध्ये असते. असिस्टंटशिप मिळाली तर ती साधारण आठवड्याला २० तासांची, म्हणजे पदवीच्या मुलांचे प्रॅक्टिकल घ्यायचे किंवा गाईडच्या प्रकल्पात काम करायचं. अमेरिकेत व्हिसाच्या नियमाने सत्र चालू असताना कॅम्पसवर तेवढंच करता येतं. तेव्हा डेटा गोळा करायला संध्याकाळ आणि शनिवार उरतात, हे धरूनच वेळापत्रक करा.

कच्ची फाइल कधीही बदलू नका. नाव असं: सहभागी क्रमांक, तारीख, अट, फेरी. कुणाचंही खरं नाव फाइलवर नको. प्रत्येक सत्राला वहीत एक पान: खोलीचं तापमान, दाब, कॅलिब्रेशनचे आकडे, मार्कर कुणी लावले, कुठल्या फेरीत काय बिघडलं. मार्कर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाने लावायचे.

जायला अजून काही महिने असतील तर एक सराव इथेच करता येतो, त्याला कॅमेरे लागत नाहीत. दहा-बारा मित्रमैत्रिणी गोळा करा. एएसआयएस, ग्रेटर ट्रोकँटर (मांडीच्या हाडाचा खुब्याजवळचा बाहेरचा उंचवटा), गुडघ्याचा बाहेरचा एपिकॉन्डाइल, फिब्युलाचं (पोटरीतलं बाहेरचं हाड) डोकं, घोट्याची बाहेरची गाठ, या पाच जागा बोटांनी शोधून पेनाने बारीक ठिपका द्या. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ठेवून ठिपका आणि जवळचा एखादा तीळ किंवा व्रण उतरवून घ्या. ठिपके पुसून टाका. तीन दिवसांनी, आधीचा कागद न बघता, तेच पुन्हा. मग तिळावर तीळ जुळवून कागद लावा आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. घोट्यावर ते २-३ येईल. ट्रोकँटरवर येणारा आकडा बघून दचकायला होईल. तो त्या माणसाच्या उंची-वजनासह वहीत लिहून ठेवा.